बिनखिळ्याचं छत

चैत्र लागला की कुळगावात दुपारी पाखरूसुद्धा पत्र्यावर टेकत नाही. टेकलंच तर एक पाय उचलून नाचतं. अंजनीचं शेड तर तीन बाजूंनी नव्या बिल्डिंगींनी घेरलेलं. वारा आलाच तर कुणाच्या तरी एसीची गरम फुंकर घेऊन यायचा. वर पत्रा, पत्र्याखाली अंजनी आणि अंजनीच्या पुढ्यात भजनी मंडळाचा मृदंग.

त्या मृदंगाची शाई दुसऱ्यांदा तडकली होती.

मृदंग आपण कीर्तनात ऐकतो, डोलतो, घरी जातो. त्याच्या उजव्या तोंडावर मधोमध जो काळा गोल दिसतो, ती शाई. लोखंडाचा बारीक कीस आणि मऊ शिजवून घोटलेला भात यांचा तो लेप. एकदाच थापला आणि झालं, असं नसतं. पातळ थर द्यायचा, सुकत आला की गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग त्यावर पुढचा. थर आतून-बाहेरून सावकाश वाळला तर नाद गोल निघतो. वरून भराभर वाळला आणि पोटात ओला राहिला की तडा ठरलेला. भक्तीचंही असंच असतं म्हणतात, पण भक्तीला निदान पत्र्याखाली बसवत नाहीत.

अंजनीचा नवरा किसन दिवाळीच्या आधी गेला. मृदंगाच्या तोंडावर चामड्याची पुडी मढवायची, ती ताणणाऱ्या चामडी वाद्या ओढायच्या हे काम किसनचं. शाई मात्र लग्न होऊन आल्यापासून अंजनीचीच. गावाला हे माहीत नव्हतं असं नाही, कुणी बोलत नव्हतं एवढंच. "किसनच्या हाताची शाई" असं सगळे म्हणायचे आणि किसन अंजनीकडे बघून हसायचा. त्या हसण्यावर तिने इतकी वर्षं भागवून घेतलं होतं. आता हसणारा नव्हता आणि भागवून घ्यायची तिची इच्छाही उरली नव्हती.

शेड सासऱ्यांनी बांधलेलं. जाण्यापूर्वी त्यांनी मारुतीच्या देवळात, साऱ्या मंडळासमोर सांगून ठेवलं होतं, की जो मंडळाचा मृदंग करील त्याचं शेड. कागद नाही, सही नाही. पण मारुतीपुढचा शब्द कुळगावात अजून चालतो. थोरले दीर शंकरराव मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या विक्रांतला बाइकचं गॅरेज टाकायचं होतं आणि जागा शोधून झाल्या होत्या. शंकरराव वाईट माणूस नव्हे. टाळ धरला की डोळ्यांना धार लागते. पण बापाचं प्रेम आणि देवाचं प्रेम एकाच छातीत राहायला लागलं की जागेवरून भांडण होतंच.

तडकलेली शाई बघून शंकररावांनी जिभेने च्यक केलं.

"अंजनी, केलंस तेवढं पुष्कळ झालं," ते म्हणाले. "रामनवमीला सप्ताह बसतोय. मृदंग कल्याणला देऊन टाकतो. आणि शेडाचं बाबांनी काय सांगून ठेवलंय ते तुला मी नव्याने काय सांगू."

"मृदंग याच शेडातनं देवळात जाणार, भाऊजी."

"या पत्र्याखाली? अगं, इथे पापड ठेवला तर भाजून निघेल."

"मग पत्र्याचं बघते."

"बघ. पण शेड सामाईक आहे हे ध्यानात ठेव. एक खिळा मारायचा नाही, एक भोक पाडायचं नाही. उद्या विक्रांतला जसंच्या तसं लागेल." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, की एवढं उकडतंय तर घरात बसून पंख्याखाली का करत नाहीस, मी काय नको म्हणतो का.

अंजनीच्या हातातला दगड थांबला. चामडं उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. त्यांच्या माघारी तो सगळ्यात मोठ्याने कुणी पाळला असेल तर शंकररावांनी. एकदा किसन नुसती पुडी घेऊन पाणी प्यायला आत आला, तर सगळी फरशी पुसून घेतली होती. आणि आज तेच आत बोलावत होते.

संध्याकाळी तिची लेक श्रद्धा ठाण्याहून कामावरून आली, तीही तेच बोलली. "काका चक्क परमिशन देतायत आई, तर घे ना. कशाला उगाच हीटमध्ये मरायचं?"

"पंख्याचा वारा वरून लागतो. शाई आणखीच तडकेल," अंजनी म्हणाली. मग भाकरी परतता परतता खरं काय ते तिने सांगून टाकलं. "आणि मृदंग आत आला की शेड रिकामं झालं. रिकाम्या शेडात गॅरेज टाकायला किती वेळ लागतो?"

श्रद्धाने मोबाइल काढला आणि पत्र्याची उष्णता कमी करायचे उपाय बघत बसली.

उपायांची गावात काही कमी नव्हती. एकाने ओली गोणपाटं टाकायला सांगितली. अंजनीने टाकून पाहिली. नळाला पाणी दिवसाआड, ते गोणपाटांनी पिऊन टाकलं. खाली दमट वाफ कोंडली आणि तयार पुडी भिजल्या पापडासारखी सैल पडली. मग श्रद्धाने शोधून काढलं, की थर्माकोल उष्णता अडवतो. माळ्यावर किसनने केलेलं गणपतीचं जुनं मखर होतं. थर्माकोलवर बंदी आल्यापासून ते तसंच पडून होतं. टाकायला कुणाचा जीव होत नव्हता. खांब, कमानी, मागचं मोठं कमळ, सगळं जाड थर्माकोलचं. अंजनीने त्याला हात जोडले, "तुझ्याच भजनाचं काम आहे रे बाबा" म्हणाली आणि मायलेकींनी मखर उकललं.

आता खिळा तर मारायचा नव्हता. शेडात चिकटवायला एकच वस्तू, चामडं डकवायचं रबराचं सोल्यूशन. किसनचा डबा अजून अर्धा भरला होता. चामड्यावर चामडं त्याने असं बसतं की सुटायचं नाव घेत नाही. त्या दोघींनी ते थर्माकोलला सढळ हाताने फासलं आणि सकाळी सकाळी, पत्रा गार असताना, तुकडे वर दाबून बसवले. मधोमध कमळ लावलं. श्रद्धाने फोटोही काढला.

ते सोल्यूशन थर्माकोल खातं, हे चामड्यात आयुष्य काढलेल्या घराला कळायचं काही कारणच नव्हतं. पत्रा तापायला लागला तसा वरून बारीक सर्रसर्र आवाज यायला लागला. कमानींना भोकं पडली, खांब आतून पोकळ झाले आणि चिकट सुतासारखे धागे लोंबायला लागले. दुपारच्या जेवणाच्या सुमारास कमळ निसटलं आणि नेमकं ओल्या शाईवर येऊन बसलं.

शंकरराव बघायला आले तेव्हा अंजनी शाई खरवडत होती. "देवाचं मखर पत्र्याला डकवलंस," ते म्हणाले, "तर पत्र्यानेही प्रसाद दिला." त्यांचं हसू वाईट नव्हतं, पण बाहेर ओट्यावर बसलेली माणसंही हसली. ते तिला लागलं.

"हसून घ्या, भाऊजी," ती मान वर न करता म्हणाली. "शाई अजून माझ्याच हातात आहे."

दुसऱ्या दिवशी ती श्रद्धाला घेऊन उल्हासनगरला गेली. फर्निचर मार्केटच्या मागच्या गल्लीत एका सिंधी सेठचं दुकान आहे. रेक्झिन, फोम, असलं सगळं गुंडाळ्या-गुंडाळ्यांनी उभं असतं. तिथे तिला बुडबुड्यांची चंदेरी शीट मिळाली, एका अंगाला आरशासारखी चकचकीत. सेठने कशासाठी हवी विचारलं. मृदंगासाठी म्हटल्यावर त्याने हातातला चहा बाजूला ठेवला. त्यांच्या दरबारात, म्हणजे देवळातही, रोज संध्याकाळी भजन असतं, ढोलक त्याचा थोरला भाऊ वाजवतो, असं बरंच काही त्याने सांगितलं. मग उठून त्याने शीट अंजनीच्या हातात दिली.

"बहनजी, इसको पत्रे से चिपकाना मत," तो म्हणाला. "चिपकाओगे तो ये भी तवा बन जाएगी. बीच में चार उँगली हवा छोड़ो. और दोनों तरफ़ से हवा को जाने का रास्ता. गरमी रोकती है हवा, शीट तो ख़ाली उसको पकड़ के रखती है."

लावायची कशी, असं श्रद्धाने विचारलं. सेठ म्हणाला, त्यात काय, पट्टी ठोकायची आणि स्क्रू मारायचे. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. तरी अंजनीने गुंडाळी घेतली.

परत येताना रिक्षात गुंडाळी दोघींच्या मांडीवर आडवी होती. "स्क्रूशिवाय लावणार कशी आई?" श्रद्धाने विचारलं.

"देव बघेल."

"देव काय ड्रिल घेऊन येणार आहे?"

अंबरनाथच्या शिवमंदिराकडचा फाटा आला तेव्हा अंजनीने सवयीने हात जोडले, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ जोडून ठेवले.

त्या संध्याकाळी रघु आला. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर आणि मंडळाचा मृदंग वाजवणारा. किसन गेल्यापासून वाद्या ओढायला तोच हात लावायचा, कारण त्याला ताकद लागते. सैल पडलेल्या पुडीच्या वाद्या तो ताणत होता. चामड्याची लांब वादी या तोंडाकडून त्या तोंडाकडे, परत इकडे, परत तिकडे. आणि वादीखाली लाकडाचे गट्टे सारायचे, की ती ताठ होते. अंजनी बघत बसली. तिची नजर मृदंगावरून वर गेली. पत्र्याखाली लोखंडी अँगल होते, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, ओळीने. तिने परत मृदंगाकडे पाहिलं.

"रघु, मृदंगाला खिळे किती असतात?"

"खिळा कसला वैनी? सगळा वादीवर तर असतो."

"मग छताला कशाला हवेत?"

रघुने हातोडी खाली ठेवली. वर पाहिलं. त्याच्या तोंडून एक शिवी निघाली, ती त्याने मृदंगाच्या लाजेने अर्ध्यात गिळली.

जुन्या मृदंगांच्या उतरलेल्या वाद्या किसनने कधी टाकल्या नव्हत्या. पोतं भरून होत्या. त्या भिजत घातल्या. शिडी मागायला रघु शंकररावांकडे गेला, तर शिडी विक्रांतच्या मित्राकडे रंगकामाला गेलीय, असं उत्तर मिळालं. शेडात उंच असं काही असेल तर मृदंगाची कोरी खोडं. श्रद्धाने एक आडवं करून पाय उचलला आणि अंजनीने तिचा घोटा हवेतच धरला. पाय त्यावर पडायचा नव्हता, मग छत राहो न राहो. शेवटी समोरच्या बिल्डिंगीतल्या मालिनीताईंनी जेवणाचं टेबल दिलं. लिफ्टमध्ये ते मावेना, म्हणून चौघी बायकांनी जिन्याने उतरवलं. त्यांच्या महिला भजनी मंडळाला सप्ताहात कधी पहिला अभंग मिळालेला नाही. त्या रागानेही टेबल बरंच हलकं झालं असणार.

मग रविवारी ते काम झालं. रघु टेबलावर, श्रद्धा खालून वादी पुरवायला आणि अंजनी सांगायला. ओली वादी एका अँगलवरून दुसऱ्या अँगलखाली, पुढे, तिरकी मागे, जसा मृदंग बांधतात तशीच. वाद्यांची जाळी झाली. तिच्यावर चंदेरी शीट, चकचकीत अंग वरच्या बाजूला. पत्रा आणि शीट यांच्यामध्ये अँगलच्या उंचीएवढी पोकळी आपोआप राहिली. अंजनीने चार बोटं उभी घालून पाहिली, बसली. दोन्ही टोकांना हवा जायला फट ठेवली. मग वाद्यांखाली गट्टे सारले आणि एकेक ठोकत ताणून घेतलं. ठोकताना अंजनी कान देऊन ऐकत होती. एका कोपऱ्यातला आवाज मंद आला, तिथे आणखी एक गट्टा घालायला लावला. रघु म्हणाला, वैनी, हे कोण वाजवणार आहे? ती म्हणाली, सैल राहिलं तर झोळ पडेल, आवाज खोटं बोलत नाही.

वाद्या वाळल्या तशा आणखी आखडल्या आणि सगळं छत ताठ बसलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शंकरराव आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की अंजनीने पत्र्याला ठोकाठोक केली. त्यांनी मोबाइलची टॉर्च लावली आणि टेबलावर चढून एकेक अँगल तपासला, बोट फिरवून. भिंतीचे कोपरे पाहिले. कुठे स्क्रूचं डोकं नाही, कुठे भोक नाही.

"खिळा सापडला तर सांगा, मी स्वतः काढते," अंजनी खालून म्हणाली. तिचा हात शाईवर दगड फिरवत होता, थांबला नाही.

शंकरराव खाली उतरले. स्टुलावर बसले. गळ्याचा घाम पुसला. सदऱ्याचं वरचं बटण काढलं. बाहेर ऊन नुसतं पांढरं पेटलं होतं आणि शेडात, दुपारच्या त्या प्रहराला, माणूस बसू शकत होता. बरंच बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण बसलोय. घाईने उठले.

"अजून शाई तडकू शकते," ते दारातून म्हणाले.

"हो," अंजनी म्हणाली. "आणि तडकली तर परत करीन. परत तडकली तर परत करीन. तुम्ही मोजत बसा."

शाई तडकली नाही. थरावर थर चढत गेला. सकाळी दिलेला थर दुपारपर्यंत धीराने वाळायचा, घाई नाही, आळस नाही. शेवटचा थर घोटून झाल्यावर रघुने हात धुतले, उजव्या तोंडावर एकच थाप मारली आणि डोळे मिटून घेतले. श्रद्धाने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, थांब जरा, अजून वाजतोय.

रामनवमीला संध्याकाळी मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. कीर्तनाला अंबरनाथचे विष्णुपंतबुवा. वय झालेलं, पण उभे राहिले की अजून दोन तास खाली बसत नाहीत. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, बुवांच्या मागे टाळकरी, बाजूला रघु मृदंग घेऊन. मंडळात एक जुनी रीत आहे. मंगलाचरणाच्या आधी ज्याने त्या सालचा मृदंग तयार केला त्याचं नाव पुकारून, त्याला देवासमोरचा नारळ देतात. तो नारळ उचलला गेल्याशिवाय मृदंगावर थाप पडत नाही.

शंकररावांनी तबक हातात घेतलं. घसा साफ केला. "मृदंगाचा मान," ते मोठ्याने म्हणाले, "कैलासवासी किसन म्हसकर यांचा. त्यांच्या घरच्यांनी नारळ स्वीकारावा."

मंडळींनी माना हलवल्या. किती छान आठवण ठेवली, असं बायकांत कुणीतरी म्हणालं. श्रद्धाने आईला कोपराने ढोसलं. अंजनी उठली, पण पुढे गेली नाही. जिथे होती तिथेच उभी राहिली, पदर खांद्यावर नीट घेऊन.

"त्यांचा नारळ त्यांनी दरसाल घेतलाय, भाऊजी," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण देऊळ शांत होतं. "हा या सालचा आहे. हा मृदंग कुणी केला त्याचं नाव घ्या. ती येऊन घेईल."

कुणीतरी मागून समजुतीच्या सुरात म्हणालं, की घे ना गं, शेवटी घरातच जातोय नारळ.

"घरात नाही," अंजनी म्हणाली. "शेडात जातोय."

आता सगळ्यांना कळलं कशाबद्दल चाललंय. सासऱ्यांचा शब्द याच देवळात पडला होता, याच फरशीवर, आणि ऐकणारे निम्मे अजून समोर बसले होते. नाव पुकारलं की शेड कुणाचं तेही पुकारल्यासारखंच होतं. शंकररावांना ते सगळ्यांत आधी कळलं होतं. म्हणून तर त्यांनी भावाचं नाव घेतलं होतं. मेलेल्या माणसाला शेड लागत नाही.

तबक त्यांच्या हातात राहिलं. खांबाला टेकून उभ्या असलेल्या विक्रांतने मान फिरवली. रघुने मृदंगावरचे हात उचलले आणि शांतपणे मांडीवर ठेवले. टाळकऱ्यांपैकी एकाने टाळ खाली ठेवला, मग दुसऱ्यानेही.

विष्णुपंतबुवांनी चिपळ्या काखेत धरल्या आणि शंकररावांकडे वळले. "नाव घ्या शंकरराव," ते हळूच म्हणाले. "देव युगानुयुगे उभा आहे, त्याचे पाय दुखत नाहीत. माझे दुखतात."

बायकांत हसू फुटलं आणि लगेच दबलं. शंकरराव मूर्तीकडे बघत होते. त्यांच्या वडिलांचा आवाज त्यांना ऐकू आला की नाही हे मारुतीलाच ठाऊक. पण टाळ धरला की ज्याचे डोळे भरून येतात, तो माणूस देवासमोर फार वेळ खोटा उभा राहू शकत नाही. ते वाकले, नारळ सरळ केला आणि परत ताठ झाले.

"मृदंगाचा मान," ते म्हणाले. या वेळी आवाज पहिल्यापेक्षा लहान होता. "अंजनी किसन म्हसकर."

अंजनी पुढे आली. नारळ ओंजळीत घेतला, मारुतीला टेकवला, कपाळाला लावला. शंकररावांच्या पायाला हात लावून नमस्कार केला, तोही मनापासून. पण वळून बायकांत गेली नाही. कीर्तनात मृदंगाचा सूर उतरला तर चढवायला तो करणारा माणूस वाजवणाऱ्याच्या शेजारी बसतो. ती किसनची जागा होती. ती तिथे गेली आणि पदर आवरून बसली. नारळ गुडघ्याजवळ ठेवला. पुरुषांच्या ओळीत जराशी कुजबुज झाली. रघु सरकला आणि हातोडी तिच्या बाजूला ठेवली.

बुवांनी पहिला सूर धरला. टाळ उचलले गेले, शंकररावांचाही. रघुची पहिली थाप पडली, गोल, भरलेली, आणि देवळाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली.

अंजनीने मान तिरकी करून ऐकलं. डावीकडून सूर केसभर उतरला होता. तिने हातोडी उचलली.